भाच्याला पाडायचं नाही

आमच्या घरात माझा बाप माझ्या आतेभावाच्या पाया पडत असे. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. आमच्याकडे भाचा म्हणजे देव. शंभर ब्राह्मण जेवू घातले काय आणि एक भाचा जेवू घातला काय, पुण्य सारखंच, असं सगळे म्हणत आलेले. भाच्याला काम सांगायचं नाही, उष्टं द्यायचं नाही, त्याच्यावर हात उगारायचा नाही. सण असो, परीक्षा असो, की तो नुसता गावाला निघालेला असो, मामानं वाकून त्याच्या पायाला हात लावायचा. वर्षातून एखाददोन वेळा पाहुणा म्हणून येणारा भाचा असला तर हे सगळं गोड वाटतं. आमचा भाचा मात्र बारावी झाल्यावर पेटी-वळकटी घेऊन आमच्याकडे राहायलाच आला, माझ्याच कॉलेजात त्यानं नाव घातलं आणि माझ्या खाटेवर झोपू लागला. मी खाली सतरंजीवर.

त्याचं नाव मंगेश. बरं, तो पोरका वगैरे असता तर मी मनाला समजावलं असतं. तसं काही नव्हतं. कळंबजवळच्या खेड्यात आत्या आणि तिचे यजमान ठणठणीत होते, तुरीचं पीक बरं यायचं, आणि अधूनमधून एसटीच्या कंडक्टरजवळ डाळीची पिशवी देऊन ते मुलाची ख्यालीखुशाली विचारायचे. म्हणजे दया यावी अशी एकही गोष्ट त्या पोराकडे नव्हती. वर तो दिसायला उजळ, बोलायला गोड आणि घरात शिरताना चप्पल सरळ लावून ठेवणारा. माझी चप्पल एक इकडे, एक तिकडे. आईनं पहिल्याच आठवड्यात मला त्या चपला दाखवल्या आणि म्हणाली, "पाह्य, शिक काही."

दारव्ह्यातलं आमचं घर म्हणजे पुढं दुकान आणि मागं आम्ही. बाबा शिंपीकाम करायचे. पायमशीनचा आवाज सकाळी सुरू व्हायचा तो दिवेलागणीपर्यंत. त्या आवाजावरून बाबांचं मन कळायचं. संथ चाललं असेल तर काम मनासारखं. एकदम थांबलं तर सुई तुटली किंवा गिऱ्हाईक उधारीचं. मी त्या आवाजात वाढलो, अभ्यास केला, झोपलो. मंगेश आला आणि मशीनची एक नवीन चाल माझ्या कानावर पडू लागली. तो कॉलेजातून आला की मशीन थांबायचं. भाच्याला बाबा बापू म्हणत. ते विचारायचे, "आले का बापू? जेवून घ्या." त्याच्या मागून मी दोन पावलांवर असायचो. मी दारातून आत जाईपर्यंत मशीन पुन्हा सुरू झालेलं असायचं.

स्वयंपाकघरातही तेच. दुधावरची साय बापूला. सणाला सांभारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, केली की कुरकुरीत कडेच्या बापूला आणि मधल्या मऊ पडलेल्या मला. ठेच्यात तिखट कमी कधी नव्हे ते होऊ लागलं, कारण बापूला झोंबायचं. मला तो ठेचा मिळमिळीत लागायचा आणि नाकाला मिरच्या मात्र दुप्पट झोंबायच्या. आई म्हणायची, "कायले तोंड फुगवून राह्यला? भाचा आहे तो." जणू भाचा असणं ही सरकारी नोकरी होती आणि मंगेशला ती परीक्षा देऊन लागली होती.

एका जागी मात्र मी मोठा होतो, ते कॉलेजचं मैदान. मी कबड्डी संघाचा कप्तान. बाबांनी माझा सामना कधी पाहिला नव्हता. एकदा बसस्टँडमागच्या मैदानावर, आमच्या दुकानातून हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर, आमचा सामना झाला होता, तरी ते आले नव्हते. लग्नसराईचे कपडे होते. मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. शिंप्याच्या घरात लग्नसराई म्हणजे लग्नसराई. पण मैदान माझं होतं, आणि मंगेशही कबड्डी खेळतो, गावात नावाजलेला चढाईबहाद्दर आहे, हे कळल्यावर मी पहिल्यांदा घाबरलो.

आमचे खेळाचे गावंडे सर उत्साही माणूस. जिल्ह्यात कबड्डीचे संघ उदंड, त्यामुळे आमच्यासारखं छोटं कॉलेज पहिल्या-दुसऱ्या फेरीतच घरी यायचं. सरांनी कुठूनसं ऐकून आणलं की अमेरिकन फुटबॉल नावाचा एक खेळ आता कॉलेजांमध्ये सुरू झालाय आणि आपल्या जिल्ह्यात त्याचे संघ बोटांवर मोजण्याइतके आहेत. "पोट्टेहो, दोनतीन म्याची काढल्या का थेट राज्यावर!" असं म्हणून त्यांनी एका दिवसात अख्ख्या कबड्डी संघाचा अमेरिकन फुटबॉल संघ केला. पोरं कमी पडली तेव्हा खो-खोवाल्यांना ओढलं. सरांनी मोबाइलवर खेळ पाहिलेला होता. तो त्यांनी आम्हाला एका वाक्यात समजावला. "ही कबड्डीच आहे. फक्त हातात चेंडू घेऊन जायचं." त्या एका वाक्यानं पुढं काय केलं ते सांगणारच आहे.

चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव पपई ठेवलं. सरांनी सगळ्यांना एकेकदा पपई फेकायला लावली. माझ्या हातून ती निघाली की हवेतच गटांगळ्या खायची आणि पुढच्या माणसाच्या पायाशी पडायची. मंगेशनं ती उचलली, खांद्यामागं नेली आणि सोडली. ती गरागरा फिरत, सरळ रेषेत, मैदानाच्या कडेच्या निंबापर्यंत गेली. कोणी त्याला शिकवलं नव्हतं. मी आज इतक्या वर्षांनी लिहितोय, दुकानात आता मीच बसतो, बाबांच्या मशीनला मोटर लागली, माझे केस पिकू लागले. पण ती पपई निंबाकडे जाताना दिसते आणि मला अजूनही वाटतं, वाऱ्यानं तरी जरा आडवं यायचं होतं.

सरांनी तिथल्या तिथं ठरवलं. मंगेश मागं उभा राहणार, डाव तोच चालवणार, फेकायचं की पळायचं तेही तोच ठरवणार. आणि प्रत्येक डावाच्या सुरुवातीला मध्यभागी वाकून, दोन पायांच्या मधून पपई मागं त्याच्या हातात देणारा एक मजबूत गडी लागतो. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "विनोद, तू कप्तान. हे जबाबदारीचं काम आहे." त्या खेळात हे काम खरोखरच जबाबदारीचं असतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की घरात बाप वाकतो आणि मैदानावर मी.

सामानाची बोंब होती. हेल्मेटं सामन्याच्या दिवशी भरवणाऱ्यांकडून मिळायची, त्यांना कुणाकुणाच्या केसांच्या तेलाचा वास. पण छातीला आणि खांद्याला बांधायचे जाड पट्टे आमचे आम्हालाच बघायचे होते. मंगेशनं घरी विषय काढला आणि बाबा लगेच तयार. मी काढला असता तर लग्नसराई आडवी आली असती. जिनिंगमधून कापूस आला, गादीचं निळं पट्टेदार कापड आलं, आणि बाबांनी सगळ्या संघाला खांद्यावरच्या गाद्या शिवल्या. मंगेशचं माप त्यांनी पुन्हा पुन्हा घेतलं. त्याचा हात वर करायला लावून, पपई फेकताना खांद्याला काचतं का ते बघून, काखेतलं कापड उसवून परत शिवलं. मी शर्ट काढून उभा होतो. बाबा म्हणाले, "तुयं माप माहीत आहे मले. जाय." माझी गादी मला पोटात सैल आणि गळ्याशी घट्ट झाली.

सरावाची खरी गंमत पुढंच आहे. या खेळात पपईवाल्याला धरून खाली पाडावं लागतं. एकदा संध्याकाळी घरामागच्या अंगणात मंगेशच म्हणाला, "विन्या, तू मले पाड बरं, पाहू मी सुटतो का." असलं आमंत्रण मला जन्मात मिळालं नव्हतं. मी त्याच्या कमरेत शिरलो आणि त्याला तुळशीजवळ चांगला आडवा केला. आत मशीन धाडकन थांबलं. बाबा मागच्या दारात, गळ्यात टेप, हातात कात्री.

"भाच्याले पाडतं का रे? अक्कल आहे का तुले?"

"खेळच तसा आहे बाबा. पाडाच लागते."

"मंग दुसऱ्याले पाड. गावात माणसं काय कमी आहेत? पाप लागते लेका, पाप!"

मंगेश धूळ झटकत उठला. "मामा, मीच म्हटलं होतं त्याले." पण बाबांनी त्याचा कोपर तपासला, हळद लावायला आईला हाक मारली आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन गावंडे सरांना सांगून आले की माझ्या पोरानं माझ्या भाच्याला पाडायचं नाही. सर हसले. पण गाद्या फुकट शिवून मिळालेल्या, त्यामुळे ऐकलं. "विनोद, तू सोडून बाकीचे पाडतीन त्याले. तुया बाप मशीन बंद करन नाही तं." असा संघातला प्रत्येक पोरगा मंगेशला रोज मनसोक्त मातीत लोळवायचा. ज्याला सगळ्यात जास्त हौस होती तोच बाजूला उभा.

हंगाम सुरू झाला तो कापूसवेचणीच्या दिवसांत. निम्मी पोरं सकाळी शेतात, दुपारी मैदानावर. पुसदकडच्या संघाशी पहिला सामना आम्ही हरलो, कारण आमचे गडी समोरच्याला पकडून आपल्या बाजूला ओढत बसले, आणि एक जण तर तोंडानं कबड्डी-कबड्डी म्हणत होता. पंचांनी शिट्ट्या वाजवून वाजवून गाल दुखवून घेतले. पुढचे दोन सामने मात्र आम्ही काढले, आणि खरं बोलायचं तर मंगेशनं काढले. तो फेकायचा आणि पपई पोराच्या ओंजळीत जाऊन बसायची. कॉलेजच्या फाटकावर पोरी त्याला बघायला थांबायच्या. त्यांतली एक, जिच्यासाठी मी वर्षभर वाचनालयात न वाचता बसलो होतो, तिनं एकदा मला थांबवलं. मी केस सारखे केले. ती म्हणाली, "तू त्याचा भाऊ ना रे? तो काय खातो?" मी म्हटलं, "साय." आणि चालू लागलो.

शेवटचा सामना यवतमाळला, वणीकडच्या संघाशी. जिंकणारा राज्यस्पर्धेला जाणार. आदल्या दिवशी बाबांनी जाहीर केलं, "उद्या दुकान बंद. बापूची म्याच पाहाले जातो." मी भाकरी मोडत होतो, तशीच हातात राहिली. बापूची म्याच. मी काय तिकडे पाणी वाटणार होतो? आईनं मला बघितलं आणि वरण वाढलं. पण रागाच्या मागोमाग दुसरंही आलं, ते लपवत नाही. बाबा येणार होते. कोणासाठी का असेना, ते मैदानाच्या कडेला बसणार होते आणि मी त्यांच्या डोळ्यांसमोर खेळणार होतो. एकदा, फक्त एकदा, त्यांनी मला बघून उठून उभं राहावं, एवढंच मला त्या सामन्यातून पाहिजे होतं. राज्यस्पर्धा गेली उडत.

यवतमाळला उन्हात मैदान पांढरं दिसत होतं. समोरच्या संघाकडे विकत आणलेले काळे पट्टे, आम्ही निळ्या पट्ट्यांच्या गाद्या बांधलेले. त्यांची पोरं हसली. "आंथरूण घेऊन आले का बे?" तेवढ्यात बाबा रेघ ओलांडून आत आले, पांढरा सदरा, धुतलेलं धोतर, आणि सगळ्यांच्या देखत मंगेशच्या पायांना हात लावला. वणीकडची पोरं हसायची थांबली. त्यांना वाटलं असावं, हा कोणी फार मोठा खेळाडू असणार. बाबा उठले, माझ्याकडे वळले, माझ्या गादीचा सुटलेला बंद बांधला आणि जाऊन बसले.

खेळ घासून झाला. शेवटचा एकच डाव राहिला तेव्हा आम्ही चार गुणांनी मागं होतो. एकदा पपई घेऊन समोरच्या शेवटच्या रेघेपलीकडे गेलं की सहा गुण. मी वाकलो, पपई मागं दिली, माझ्या समोरच्या जाड्या पोराला खांद्यानं ढकललं आणि मान वळवून पाहतो तर मंगेश फेकायच्या ऐवजी पळत सुटलेला. कडेनं निघाला, एकाला हुलकावणी दिली, दुसऱ्याच्या हाताखालून सुटला. पुढं कोणी नव्हतं. अख्खं मैदान ओरडत होतं आणि मी त्याच्या मागं पळत होतो, मागून कोणी त्याला धरायला आलं तर अडवायला.

रेघेशी पोचला आणि त्याच्यातला कबड्डीवाला जागा झाला. कबड्डीत समोरच्यांच्या अंगणात शिरायचं, रेघेला पाय लावायचा आणि जीव घेऊन आपल्या हद्दीत परत यायचं. परतला तरच गुण. मंगेशनं पपई काखेत मागं दाबून धरली, एक पाय लांब करून रेघेपलीकडे टेकवला, गर्रकन वळला आणि आमच्याच दिशेनं परत पळू लागला. रेघेपलीकडे गेला होता तो नुसता पाय. पपई अलीकडेच. वणीकडचे गडी आता गुण झाला असं समजून कंबरेवर हात ठेवून उभे होते. त्यांच्या मधूनच तो सुसाट आला, चेहऱ्यावर जिंकून आल्याचा आनंद. गावंडे सर कडेवर दोन्ही हात डोक्याला लावून नाचत होते, "उलटा! उलटा!"

तो सरळ माझ्यावर आला. माझ्या डोक्यात तेव्हा राज्यस्पर्धा नव्हती, गुण नव्हते. छातीला छाती भिडली, मी त्याला दोन्ही हातांनी ढकलून पाडला, पडता पडता त्याच्या काखेतून पपई उपटली आणि पुढं धावलो. वणीकडचे आता भानावर आले होते. एकानं माझी गादी मागून धरली, शिवण उसवली, कापूस बाहेर आला. मी तसाच त्याच्यासकट रेघेपलीकडे पपई घेऊन आडवा झालो. शिटी वाजली. पंचांचे हात वर गेले. आमची पोरं माझ्या अंगावर येऊन पडली, आणि त्या ढिगाखालून, कोणाच्या तरी कोपराच्या फटीतून, मी बाबांना शोधलं.

बाबा उठून उभे राहिले होते. नुसते उभे नव्हते, धोतराचा सोगा धरून मैदानात पळत येत होते. माझ्या बापाला मी त्याआधी पळताना पाहिलं नव्हतं. मी ढिगातून सुटून उठलो, हेल्मेट काढलं. ते माझ्यापर्यंत आलेच नाहीत. मधेच मंगेश मातीत बसला होता. त्याला आता कळलं होतं आपण काय केलं ते, आणि तो तोंड झाकून रडत होता. बाबा त्याच्याजवळ गुडघ्यावर बसले. "बापू, लागलं का? कुठं लागलं?" मग मान वर करून मला म्हणाले, "पाडलंच ना शेवटी तुनं भाच्याले! पाया पड त्याच्या."

"बाबा, आपण जिंकलो," मी म्हटलं.

"पाया पड आधी."

सगळा संघ बघत होता. मी वाकलो, पण मंगेशनं माझे हात वरच्या वर धरले, उठला आणि मला मिठी मारली. "विन्या, तू होता म्हणून वाचलो रे." त्याचं नाक माझ्या मानेवर वाहत होतं. त्यानं चिडायला हवं होतं, निदान एखादी शिवी द्यायला हवी होती. म्हणजे मला धरायला काहीतरी राहिलं असतं. तेवढंही त्यानं दिलं नाही.

कोणीतरी मोबाइलवर तो उलटा पळण्याचा भाग टिपला होता. आमची जीप दारव्ह्याला पोचायच्या आत तो गावात पोचला. चौकात लोकांनी जीप अडवली आणि मंगेशला खांद्यावर घेतलं. पाय टेकवून परत येऊन दाखव म्हणाले, त्यानं लाजत दाखवलं, लोक पोट धरून हसले. त्या दिवसापासून तो गावाचा लाडका झाला. चुकला म्हणून झाला. पुढं राज्यस्पर्धेत आम्ही सपाटून मार खाल्ला, त्याची कोणाला आठवण नाही. तो पोलिसात लागला, दिवाळीला येतो, आणि चौकातले म्हातारे अजून त्याला पाय टेकवून दाखवायला लावतात. त्या डावात गुण कोणी केले, हे मला एकानंही कधी विचारलेलं नाही.

त्या संध्याकाळी आईनं गोळाभात, म्हणजे डाळीचे गोळे घातलेला भात आणि वरून फोडणीचं गरम तेल, केला होता. मंगेश ताटावर बसला, पण खाईना. बाबांनी समजूत घातली, आईनं घातली, शेजारची काकू येऊन घालून गेली. मी जेवत होतो. माझ्या खाण्यावर कोणाचं लक्ष नव्हतं, म्हणून मी जरा आवाज करूनच खात होतो. शेवटी मंगेश म्हणाला, "मामा, म्याच विन्यानं काढली. मी तं उलटा पळून राह्यलो होतो. तुम्ही त्याले काहीच नाही म्हटलं."

मी ताटावरून मान वर केली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कढईतलं फोडणीचं तेल घ्यायला त्यांनी पळी उचलली. "पाह्यलं ना मी," ते म्हणाले. "तो नेणारच होता. त्याची काय काळजी?"

हे मी पुढं बायकोला सांगितलं, मित्रांना सांगितलं. सगळे म्हणतात, अरे, याहून मोठी शाबासकी बाप ती काय देणार. असेलही. पण मी त्या ताटावर बसलो होतो, ते नव्हते. मला त्या संध्याकाळी बापाची काळजीच हवी होती, एका जेवणापुरती का होईना. आणि ती सगळी मंगेशच्या ताटात पडत होती. बाबा त्याच्या भातावर गरम तेल ओतत होते, हळूहळू, त्याला चटका बसू नये म्हणून त्याचा हात आपल्या दुसऱ्या हातानं बाजूला धरून.